न्यायालयाला आरसा दाखवणारा चित्रकार

(फ्रान्समधील थोर चित्रकार ओनोरे दोमिए यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे. न्यायाधीश, वकील, आरोपी आणि खटला ऐकायला आलेली सामान्य माणसे यांची असंख्य चित्रे त्यांनी काढली. एका चित्रामुळे त्यांना स्वतःलाही आरोपी म्हणून न्यायालयात उभे राहावे लागले.)

मुलांनो, एखाद्या गाजलेल्या खटल्याची बातमी तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. खटला परदेशातला असेल, तर बातमीसोबत कधी कधी छायाचित्र नसते. हाताने काढलेले चित्र असते. उंच आसनावर बसलेले न्यायाधीश, हात उंचावून बोलणारे वकील आणि मान खाली घालून उभा असलेला आरोपी आपल्याला त्या चित्रात दिसतात. छायाचित्र का नाही, असा प्रश्न तुम्हांला पडेल. उत्तर सोपे आहे. अनेक देशांत न्यायालयात कॅमेरा वापरण्यावर बंधने आहेत. इंग्लंडमध्ये १९२५ साली आणि फ्रान्समध्ये १९५४ साली तसा कायदा झाला. इंग्लंडच्या कायद्याने तर न्यायालयात बसून चित्र काढण्यासही बंदी घातली. त्यामुळे तिथले चित्रकार खटला लक्षपूर्वक पाहतात, बाहेर येतात आणि आठवणीने चित्र काढतात.

असे पाहून लक्षात ठेवणे आणि मग कागदावर उतरवणे ज्यांना फार उत्तम साधले होते, अशा एका चित्रकाराची माहिती आज आपण वाचणार आहोत. त्यांचे नाव ओनोरे दोमिए. त्यांच्या लहानपणी कॅमेरा नव्हताच. पण त्यांची नजर अशी तीक्ष्ण होती, की एकदा पाहिलेला चेहरा त्यांच्या मनातून पुसला जात नसे.

ओनोरेचा जन्म २६ फेब्रुवारी १८०८ रोजी फ्रान्सच्या दक्षिणेकडील मार्सेय या शहरात झाला. मार्सेय हे समुद्रकाठचे मोठे बंदर आहे. त्याचे वडील खिडक्यांना काचा बसवण्याचे आणि चित्रांच्या चौकटी करण्याचे काम करत. त्यांना कविता करण्याचा फार नाद होता. राजधानीत गेलो तर कवी म्हणून आपले नाव होईल, अशी आशा धरून ते पॅरिसला गेले. १८१६ साली सारे कुटुंब त्यांच्यामागून पॅरिसला आले. त्या वेळी ओनोरे आठ वर्षांचा होता. वडिलांच्या कवितांचे थोडेफार कौतुक झाले, पण कौतुकाने चूल पेटत नाही. घरात पैशांची चणचण होती. म्हणून बाराव्या वर्षाच्या सुमारास ओनोरेला नोकरी धरावी लागली.

ही नोकरी एका बेलिफाच्या कचेरीत होती. बेलिफ म्हणजे न्यायालयाचे हुकूम लोकांपर्यंत पोचवणारा माणूस. समन्स बजावणे, कर्ज न फेडणाऱ्याच्या घरी जप्ती नेणे ही त्याची कामे. ओनोरे तिथे निरोप्या पोऱ्या होता. कागद घेऊन इकडून तिकडे पळायचे, हे त्याचे काम. त्यामुळे न्यायालयाचे जग त्याला फार लवकर पाहायला मिळाले. काळे झगे घालून लगबगीने जाणारे वकील, बगलेत कागदांची भेंडोळी घेतलेले कारकून, तारखेला आलेले गरीब अशील, हे सारे तो पाहत असे. पोऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण पोऱ्याचे लक्ष मात्र सगळीकडे असते.

मुलांनो, इथे एक गंमत सांगायला हवी. वकील, दावा, अर्ज, तारीख, जामीन, कैद, हुकूम, कायदा हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि उर्दूतही ते आहेतच. त्यामुळे या पाठातले न्यायालय दूरच्या पॅरिसचे असले, तरी त्यातले कितीतरी शब्द तुमच्या घरचेच आहेत.

बेलिफाच्या कचेरीनंतर ओनोरेने एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात काम केले. पण त्याचा जीव चित्रांत होता. हाताला कागद लागला, की तो चेहरे काढत बसे. शेवटी वडिलांनी आपल्या ओळखीच्या लनुआर नावाच्या चित्रकाराकडे त्याला शिकायला पाठवले. लनुआर त्याला पुतळ्यांवरून चित्रे काढायला लावत. तेच ते डोळे, तेच ते नाक काढून ओनोरे कंटाळून जाई. पॅरिसमधील लूव्र या प्रसिद्ध संग्रहालयात जाऊन जुन्या चित्रकारांची चित्रे पाहणे त्याला अधिक आवडे. आणि सर्वांत जास्त आवडे ते रस्त्यावरच्या जिवंत माणसांकडे पाहणे.

पुढे त्याने शिळाछापाची कला शिकून घेतली. ही कला १७९६ साली जर्मनीतील आलोइस झेनेफेल्डर यांनी शोधून काढली होती. एका विशिष्ट गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. मग दगड पाण्याने ओला करतात. कोरा दगड पाणी धरून ठेवतो, पण तेलकट रेघेवर पाणी टिकत नाही. त्यावरून तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त रेघांना लागते. मग दगडावर कागद दाबला, की चित्र छापले जाते. अशा शेकडो प्रती निघतात. आपल्या देशात उर्दू पुस्तके आणि वर्तमानपत्रे अनेक वर्षे याच पद्धतीने छापली जात. कातिब सुंदर अक्षरात मजकूर लिहीत आणि तो दगडावर उतरवून छापला जाई. जी कला आपल्याकडे कातिबांच्या उपयोगी पडली, तीच पॅरिसमध्ये दोमिए यांचे हत्यार बनली.

१८३० साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. जुन्या राजाला देश सोडावा लागला आणि लुई-फिलिप गादीवर आले. आपण जनतेचे राजे आहोत, असे ते म्हणवून घेत. वर्तमानपत्रांना स्वातंत्र्य देण्याचे वचनही देण्यात आले. या वचनावर विश्वास ठेवून शार्ल फिलिपाँ नावाच्या धडाडीच्या पत्रकाराने ‘ला कारिकातुर’ नावाचे चित्रमय साप्ताहिक सुरू केले. काही काळाने त्यांनी ‘ल शारिवारी’ नावाचे दैनिकही काढले. फिलिपाँ यांना तरुण दोमिए यांचे गुण लगेच दिसले. त्यांनी दोमिए यांना आपल्याकडे काम दिले.

राजाने दिलेले वचन फार दिवस टिकले नाही. राजाची थट्टा केल्याबद्दल १८३१ साली फिलिपाँ यांच्यावर खटला भरला गेला. त्या वेळी त्यांनी भर न्यायालयात चार चित्रे काढून दाखवली. पहिल्या चित्रात राजाचा चेहरा होता. दुसऱ्यात तो थोडा बदलला. तिसऱ्यात आणखी बदलला आणि चौथ्यात चक्क नासपतीचे फळ झाले! गालांकडे रुंद आणि डोक्याकडे निमुळता असा राजाचा चेहरा नासपतीसारखाच होता. राजासारखे दिसणारे काहीही काढणे हा गुन्हा असेल, तर बाजारातल्या नासपतींनाही पकडावे लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायाधीशांना तो पटला नाही. फिलिपाँ यांना सहा महिने कैद आणि २००० फ्रँक दंड झाला. पण चित्राने आपले काम केले होते. पॅरिसची पोरे भिंतींवर नासपती काढू लागली आणि पाहणाऱ्याला ती कोणाची आकृती आहे, हे सांगावे लागत नसे.

आता पाळी दोमिए यांची होती. १८३१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी एक चित्र काढले. गार्गांतुआ हा फ्रेंच कथांमधला एक खादाड राक्षस आहे. दोमिए यांनी राजाला गार्गांतुआ केले. नासपतीसारख्या डोक्याचा प्रचंड राजा आसनावर बसला आहे. त्याच्या उघड्या तोंडापर्यंत एक लांब फळी लावली आहे. खाली फाटक्या कपड्यांतले गरीब लोक आपल्याजवळची नाणी टोपल्यांत टाकत आहेत. हमाल त्या टोपल्या फळीवरून वर नेऊन राजाच्या तोंडात रिकाम्या करत आहेत. आणि आसनाखालून बाहेर पडणारी पदे, सन्मान आणि पदके राजाचे खुशमस्करे झेलत आहेत. गरिबांचा पैसा कोठे जातो, हे सांगायला या चित्राला एकाही शब्दाची गरज नव्हती.

हे चित्र दुकानाच्या काचेत लावले गेले आणि पोलिसांनी लगेच जप्तीची कारवाई केली. चित्रकार, प्रकाशक आणि मुद्रक या तिघांवरही खटला झाला. सरकारविषयी द्वेष पसरवणे आणि राजाचा अपमान करणे हे त्यांच्यावरचे आरोप होते. २३ फेब्रुवारी १८३२ रोजी निकाल लागला. दोमिए यांना सहा महिने कैद आणि ५०० फ्रँक दंडाची शिक्षा झाली. तीन दिवसांनी त्यांना २४ वर्षे पूर्ण होणार होती. लहानपणी ज्या न्यायालयाचे कागद त्यांनी वाहिले, त्याच जगात ते आता आरोपी होते.

शिक्षेची अंमलबजावणी लगेच झाली नाही. सरकारला वाटले असावे, की हा तरुण आता घाबरून गप्प बसेल. पण दोमिए यांनी तशीच चित्रे पुन्हा काढली. अखेर ऑगस्ट १८३२ च्या शेवटी त्यांना आई-वडिलांच्या घरातून पकडून नेण्यात आले आणि सेंत-पेलाजी या तुरुंगात ठेवण्यात आले. पुढचे काही आठवडे त्यांना एका खाजगी रुग्णालयात कैदेत काढावे लागले. १८३३ च्या सुरुवातीला ते सुटले. बाहेर येताच त्यांनी पुन्हा खडू हातात घेतला.

दोमिए यांची काम करण्याची रीत वेगळी होती. ते समोर माणूस बसवून सहसा चित्र काढत नसत. ते त्याच्याकडे नुसते पाहत. कायदेमंडळातील सभासदांचे असे निरीक्षण करून त्यांनी मातीची वीतभर उंचीची छोटी मस्तके घडवली आणि रंगवली. कोणाचे नाक पुढे आलेले, कोणाचा ओठ लोंबणारा, कोणी बसल्या जागी पेंगणारा! या मातीच्या चेहऱ्यांवरून ते दगडावर चित्रे काढत. अशी ३६ मस्तके आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. चेहऱ्यात माणसाचा स्वभाव कोठे लपला आहे, हे शोधण्याची सवय त्यांना अशी लागली होती.

१८३४ च्या एप्रिल महिन्यात लियाँ आणि पॅरिस या शहरांत सरकारविरुद्ध उठाव झाला. पॅरिसमध्ये त्रान्सनोनँ नावाच्या रस्त्यावरच्या एका घरातून सैनिकांवर गोळी झाडली गेली, असे सांगून सैनिक त्या घरात घुसले आणि दिसेल त्याला त्यांनी ठार मारले. झोपेतून उठलेली, हातात शस्त्र नसलेली माणसे त्यांत होती. दोमिए यांनी या घटनेचे चित्र काढले. अंथरुणाजवळ जमिनीवर रात्रीच्या कपड्यांतला एक माणूस मरून पडला आहे. त्याच्या अंगाखाली एक लहान मूल आहे. एका बाजूला अंधारात एक स्त्री पडली आहे आणि दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्याचा चेहरा दिसतो. चित्रात एकही सैनिक नाही, आरडाओरडा नाही, थट्टा नाही. साक्षीदाराने शांतपणे साक्ष द्यावी, तसे ते चित्र आहे. ते पाहण्यासाठी दुकानासमोर लोकांची गर्दी झाली. सरकारने चित्राचा दगड आणि हाती लागलेल्या प्रती जप्त केल्या. तरीही काही प्रती वाचल्या आणि म्हणून ती साक्ष आजही जिवंत आहे.

या उठावातील लोकांवर १८३५ साली पॅरिसमध्ये मोठा खटला चालला. आरोपी शंभराहून अधिक होते. खटला नेहमीच्या न्यायालयापुढे चालला नाही. तो कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहापुढे चालला. या सभागृहाचे नवे सभासद राजाच नेमत असे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध उठाव झाला, त्याच्याच मर्जीतले लोक न्याय करायला बसले होते! आपला बचाव कोणी करायचा, हे आम्हांला ठरवू द्या, अशी आरोपींनी मागणी केली. ती मान्य झाली नाही.

दोमिए यांनी त्या न्यायाधीशांची एकामागून एक चित्रे काढली. कोणी थकलेला, कोणी झोपाळू, कोणी रागीट. त्यांतले एक चित्र फार प्रसिद्ध आहे. त्यात एक न्यायाधीश हसतमुखाने आरोपीला सांगत आहे, की तुला बोलण्याची पूर्ण मोकळीक आहे. आणि आरोपीच्या तोंडात बोळा कोंबलेला आहे! त्याला झगेवाल्यांनी घट्ट धरून ठेवले आहे. मुलांनो, विचार करा. त्या खटल्यावर किती भाषणे झाली असतील, किती कागद लिहिले गेले असतील. पण आरोपीचे ऐकून न घेता केलेला न्याय म्हणजे काय, हे या एका चित्राने जितके स्पष्ट केले, तितके क्वचितच कोणी केले असेल.

सरकारही हे जाणून होते. लेख वाचायला अक्षरओळख लागते. चित्र कोणालाही कळते. म्हणून चित्रांची भीती अधिक. १८३५ च्या जुलैमध्ये राजाला मारण्याचा एक प्रयत्न झाला. त्या निमित्ताने सप्टेंबरमध्ये कडक कायदे करण्यात आले. सरकारची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय कोणतेही चित्र छापायचे नाही, असे ठरले. ‘ला कारिकातुर’ बंद पडले.

आता दोमिए काय करणार? राजाला हात लावता येत नव्हता. तेव्हा त्यांनी समाजाकडे नजर वळवली. लबाड व्यापारी, खोटे औषधवाले, लोकांना फसवून कंपन्या काढणारे अशांची चित्रे ते ‘ल शारिवारी’मध्ये काढू लागले. त्यांची सगळीच चित्रे आज आपल्याला पटतात, असे नाही. लिहिण्यावाचण्यात रमणाऱ्या स्त्रियांची त्यांनी केलेली थट्टा आज आपल्याला अन्यायाची वाटते. पण ज्या जगाची त्यांना लहानपणापासून ओळख होती, त्या न्यायालयाकडे ते वळले, तेव्हा त्यांचा हात अचूक पडला.

१८४५ ते १८४८ या काळात त्यांनी न्यायालयातील माणसांवर एक चित्रमालिका केली. तिच्यात सुमारे ४० चित्रे आहेत. एका चित्रात खटला हरलेल्या बाईला तिचा वकील तोऱ्यात सांगतो, की खटला गेला तरी माझे भाषण ऐकण्याचा आनंद तर तुम्हांला मिळाला! दुसऱ्या चित्रातला वकील मोठ्या आवेशाने हातवारे करत आहे. त्याच्या मनात पक्का विश्वास आहे. मात्र तो अशील निर्दोष असल्याचा नाही, तर अशील फी नक्की देईल याचा आहे. आणखी एका चित्रात भुकेमुळे चोरी केलेला माणूस न्यायाधीशासमोर उभा आहे. न्यायाधीश त्याला म्हणतो, की भूक तर मलाही बहुतेक रोज लागते, पण म्हणून मी चोरी करतो का?

ही चित्रे पाहून हसू येते. मात्र शेवटच्या चित्राशी आपण थांबतो. त्या न्यायाधीशाला रोज भूक लागते आणि रोज जेवणही मिळते. समोरच्या माणसाला भूक लागते, पण जेवण मिळत नाही. एवढा साधा फरक न्यायाधीशाला दिसत नाही. चोरी हा गुन्हा आहेच. पण गुन्हेगाराची परिस्थिती समजूनच घ्यायची नाही, असे ठरवून बसलेला माणूस न्याय कसा करणार? दोमिए यांची चित्रे हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोमिए यांच्या या चित्रांत सहसा हसे होते ते मोठ्या माणसांचे. घमेंडखोर वकील, कंटाळलेले न्यायाधीश यांच्यावर त्यांचा खडू तुटून पडतो. पण कोपऱ्यात उभी असलेली रडवेली आई, तिच्या पदराआडचे मूल, आपल्याविषयी काय बोलले जात आहे हे न कळणारा आरोपी यांना ते हळुवार हाताने काढतात.

१८४६ साली दोमिए यांनी शिवणकाम करणाऱ्या अलेक्झांद्रिन यांच्याशी लग्न केले. पॅरिसमध्ये सेन नदीच्या बेटावर त्यांचे घर होते. तिथे ते फावल्या वेळात रंगीत चित्रे काढत. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातील गरीब प्रवासी, नदीवरून ओले कपडे घेऊन येणारी धोबीण, हे त्यांचे आवडते विषय. वकील आणि न्यायालये त्यांच्या रंगीत चित्रांतही आहेत. पण त्यांच्या हयातीत ही चित्रे फारशी विकली गेली नाहीत. व्यंगचित्रे काढणारा माणूस एवढीच त्यांची ओळख राहिली. १८६० साली तर ‘ल शारिवारी’ने त्यांना काढून टाकले आणि तीन वर्षांहून अधिक काळाने परत घेतले. पैशांची ओढाताण कधी सुटली नाही.

१८७० साली सरकारने त्यांना फ्रान्सचा मोठा सन्मान देऊ केला. दोमिए यांनी तो गाजावाजा न करता नाकारला. राजाच्या आसनाखालून बाहेर पडणारी पदके ज्याने चित्रात दाखवली, त्याने आपल्या छातीवर पदक लावून घेतले नाही.

उतारवयात त्यांची दृष्टी अधू होत गेली. ज्या डोळ्यांनी जगाला एवढे दाखवले, तेच डोळे मंदावले. पॅरिसजवळच्या वालमाँदवा या खेड्यात ते राहत होते. कोरो यांच्यासारख्या चित्रकार मित्रांनी त्यांना आधार दिला. १८७८ साली मित्रांनी पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. प्रसिद्ध लेखक व्हिक्टर ह्यूगो त्या समितीचे मानद अध्यक्ष होते. प्रदर्शनाला पैसा मिळाला नाही, पण दोमिए हे किती मोठे चित्रकार आहेत, हे जाणकारांना कळले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, त्यांचे निधन झाले. दगडावर काढलेली त्यांची सुमारे ४००० चित्रे मागे राहिली.

त्यांच्या कामाचा वारसा फार दूरवर पोचला. ‘ल शारिवारी’ पाहून १८४१ साली लंडनमध्ये ‘पंच’ हे विनोदी नियतकालिक निघाले. लंडनचे शारिवारी असेच त्याचे दुसरे नाव होते. ‘पंच’ पाहून १८७७ साली लखनौमध्ये मुन्शी सज्जाद हुसेन यांनी ‘अवध पंच’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. इंग्रजी राजवटीची थट्टा करणारी व्यंगचित्रे त्यात येत. पॅरिसमध्ये पेटलेला हा दिवा असा हातोहात आपल्या देशापर्यंत येऊन पोचला.

ज्या राजाने दोमिए यांना तुरुंगात टाकले, त्याला १८४८ च्या क्रांतीत स्वतःच देश सोडून पळावे लागले. आज लुई-फिलिप यांचे नाव निघाले, की अनेकांना आधी नासपती आठवते. आणि ज्या वकिलांची दोमिए यांनी एवढी थट्टा केली, त्यांच्याच व्यवसायातील लोक आज त्यांची चित्रे हौसेने आपल्या कार्यालयांच्या भिंतींवर लावतात. मुलांनो, कदाचित तुमच्यापैकी कोणी उद्या वकील होईल, कोणी न्यायाधीश होईल. भिंतीवर ते चित्र असो वा नसो, समोर उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नका.

शब्दार्थ

चणचण – टंचाई, कमतरता
पोऱ्या – निरोप्या मुलगा, हरकाम्या
अशील – वकिलाकडे आपले काम सोपवणारा माणूस
भेंडोळी – गुंडाळ्या
निमुळता – टोकाकडे अरुंद होत जाणारा
खुशमस्करा – मोठ्या माणसाची स्तुती करून फायदा मिळवणारा
कायदेमंडळ – कायदे करणारी सभा
घमेंडखोर – गर्विष्ठ
अधू – कमजोर

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ओनोरेने पहिली नोकरी कोणाच्या कचेरीत केली?
(आ) शिळाछापाची कला कोणी शोधून काढली?
(इ) दोमिए यांनी राजाला कोणत्या राक्षसाच्या रूपात दाखवले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शिळाछापाने चित्र कसे छापतात?
(आ) फिलिपाँ यांनी न्यायालयात काढलेल्या चार चित्रांचा हेतू काय होता?
(इ) सरकारला लेखांपेक्षा चित्रांची भीती अधिक का वाटत होती?

३. भुकेल्या चोराच्या चित्रातील न्यायाधीशाचे म्हणणे तुम्हांला पटते का? का, ते लिहा.

४. या पाठातील उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधा. ते उर्दू लिपीत लिहा आणि प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.